हळू बोल, ती दचकती

१० नोव्हेंबर

ही कारखान्याची डायरी, गेल्या वर्षीची. ह्यांना दरसाल फुकट मिळते, हे ती कपाटावर टाकतात आणि वर्ष सरलं की मी तिच्यात गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं लिहिते. आज पहिल्यांदा मापं सोडून दुसरं काही लिहायला बसले. कारण जे झालंय ते कुणाजवळ बोलले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला तोंडपाठ होईल.

ह्यांनी घोडी आणली.

म्हैस नव्हे, शेळी नव्हे, घोडी. अकलूजच्या घोडेबाजारातून, छोट्या हत्ती टेम्पोत घालून. ह्यांच्या घराण्यात घोड्यावर कुणी बसलं असेल तर ते स्वतःच्या लग्नात, आणि तेही भाड्याच्या. हे कारखान्याच्या शेतकी खात्यात आहेत. कुणाचा ऊस कधी तुटायचा, कुठली टोळी कुठल्या फडात, ह्यावरून दिवसभर लोकांवर ओरडायची नोकरी. तोच आवाज संध्याकाळी घरी येतो. चहात साखर कमी पडली की आवाज, रिमोट सापडला नाही की आवाज. हात कधी उगारला नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असते. पण हे एकदा सुरू झाले की मांडणीवरची भांडी वाजतात.

भाऊबीजेला आमची संस्कृती आली होती, कुर्डुवाडीहून, जावयांना घेऊन. तिला पाचवा महिना. सोमेशरावांनी मोटारसायकल लावली ती नेमकी ठिबकच्या नळीवर. ह्यांनी जावयाला असं काही धारेवर धरलं की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. संस्कृतीनं दोन्ही हात पोटावर धरले, जसं काही आतल्याला ऐकू जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली. परवा तिचा फोन आला. आई, बाळंतपण मी इकडंच करते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. मी तिच्यासाठी डिंक बघून ठेवला होता, बाळाला दुपटी शिवायला घेतली होती. जेवताना ह्यांना सांगितलं. हे ताटावरून उठले. आणि आज हे घोडं दारात. पोटची पोर माहेराला यायला नको म्हणते आणि ह्या माणसाला बाजारात हौस सुचते.

धाकटे दीर शिवराजभाऊजी बघायला आले नि हसून म्हणाले, "वहिनी, दादानं सवत आणली की."

मी पण हसले. जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर

घोडी कुमेत रंगाची, म्हणजे काळपट तांबडी आहे, कपाळावर पांढरा टिळा. दिसायला देखणी, ते नाही म्हणून चालणार नाही. पण गुडघ्यांवर आणि नळ्यांवर जुने वळ आहेत. विकणाऱ्यानं खरं काय ते सांगितलं म्हणे. आधीच्या मालकाकडं ती नाचाची घोडी होती. हलगी वाजली की पाय उचलावा म्हणून पायांवर छडी मारून मारून शिकवलेली. आता माणूस जरा मोठ्यानं बोलला तरी ती पार कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटते. म्हणून तिला कुणी घेईना. ह्यांनीच घेतली. सगळ्या बाजारात ओरडण्यात पहिला नंबर आमचा, आणि ओरडलेलं न सोसणारी घोडी आमच्या दारात.

सकाळपासून नवीन खूळ. घोडीसाठी तार ओढून केलेल्या वाडग्यात हे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात, घोडीकडं पाठ करून. हातात कालचा पेपर. पायाशी लसूणघासाची पेंढी. तासभर बसतात, पेंढी तिथंच ठेवतात आणि उठून येतात. ह्यालाच शिकवणं म्हणतात. असं शिकवायचं तर मी पण घोड्यांची शाळा काढते.

१९ नोव्हेंबर

आज मनाला लागलं ते लिहितेच.

चहा झाला म्हणून मी चुलीपासून हाक मारली, नेहमी मारते तशी. वाडग्यातून हे धावत आले. चप्पल घातली नव्हती. मला वाटलं विंचू चावला. ओठावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोल. ती दचकती."

मी तशीच उभी राहिले, हातात गाळणी. चोवीस वर्षं ह्या घरात कोण दचकतंय, ते कुणाला दिसलं नाही. नवी नवरी होते तेव्हा ह्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला की माझ्या हातातली भाकरी करपायची. तेव्हा कुणी धावत येऊन म्हणालं नाही की हळू बोला, पोरगी दचकते. मग शिकले मी पण. दगडाखाली हात होता, काढला नाही, उलट मोठ्यानं बोलायला लागले.

चहा मी ओट्यावर आदळला. घोडी दचकली.

२८ नोव्हेंबर

थंडी पडली. हे पहाटे कानटोपी घालून वाडग्यात जातात आणि घोडीशी बोलतात. मी मोरीच्या खिडकीतून बघते. शब्द कळत नाहीत, इतकं हळू. मध्येच थांबतात, मान हलवतात, हसतात, परत बोलतात. जणू ती उत्तर देते. एवढ्या गप्पा ह्यांनी माझ्याशी कधी मारल्या, मला आठवत नाही. आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, लाईट आली, पाणी सोड.

तिला "बाय" म्हणतात. ये बाय. खा बाय. मला "ए" म्हणतात.

६ डिसेंबर

घोडी आज आपणहून पुढं आली. हे पाठ करून बसले होते, तिनं मागून येऊन ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल हुंगला. हे हलले नाहीत. मग उठून माझ्याकडं आले आणि मला सांगितलं. सांगताना चेहरा असा झाला होता की मी बघतच राहिले. असा चेहरा मी संस्कृतीच्या जन्माच्या वेळी पाहिला होता.

"आपण मागं सरलो की ती पुढं येती," म्हणाले. "आपण मागं लागलो की न्हाय येत."

मी म्हटलं, मग भाकरी गरम आहे, तीही मागं सरून खा. हे हसले. मला हसायचं नव्हतं.

९ डिसेंबर

तिचे हुलगे भिजत घालायचे काम माझ्याकडं आलंय. माझ्या पितळी पातेल्यात.

२१ डिसेंबर

संस्कृतीला फोन केला. सातवा लागला. तिची सासू चांगली आहे, पण सासू ती सासू. मी विचारलं, अजून पण तसंच का गं? ती म्हणाली, बघू आई. नाही म्हणाली नाही, पण हो पण म्हणाली नाही. मग विचारते काय, घोडी कशी आहे. पोटातलं मूल राहिलं बाजूला, हिला घोडीची चौकशी. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, शिवराजभाऊजींनीच असेल.

त्या घोडीला आता दिवसा मोकळं सोडतात. दुपारी मी मशिनवर बसले की येऊन माझ्या खिडकीशी उभी राहते. मशिन चालू असलं की डोळे अर्धे मिटते, खालचा ओठ लोंबतो. मशिन थांबलं की डोळे उघडून आत बघते. मला ते आवडत नाही. माझ्या घरात येऊन माझीच देखरेख करते. उसाचे ट्रॅक्टर डेकवर गाणी लावून रस्त्यानं जातात तेव्हा तर खिडकीला इतकी लगटून उभी राहते की माझा उजेड जातो. आज मी रागानं मशिन बंद केलं, तर थरथरायला लागली. मग नाईलाजानं एक जुनीच चादर शिवत बसले ट्रॅक्टर जाईपर्यंत.

४ जानेवारी

मौलाभाई नालबंद आले होते. घोडीनं चारी पाय शहाण्यासारखे उचलून दिले. हे तिच्या मानेशी उभे, आयाळीखाली खाजवत. मौलाभाईंनी चहा घेताना मला सांगितलं, "भाभी, नशीबवान जनावर हाय. एवढी माया माणसाला मिळत न्हाय."

मी म्हटलं, ते तुम्ही मला सांगू नका.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी हे तिळाच्या वड्या घेऊन पहिले गेले ते वाडग्यात. तळहातावर वडी ठेवून तिला भरवली. गोड बोल म्हणाले असतील. ती काय बोलणार, जन्माची मुकी. गोड बोलायची गरज होती ती दुसऱ्याला.

दुपारी बघते तर माझ्या मशिनवर कागदाच्या पुडीत दोन वड्या. कधी ठेवल्या, कळलं पण नाही. ठेवून निघून गेले, एक शब्द न बोलता. म्हणजे घोडीला हातानं आणि मला कागदात. मी खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी परत पुडी तिथंच आहे का ते बघून गेले. रात्री मुंग्या लागल्या तेव्हा मग एक खाल्ली.

२६ जानेवारी

आता हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागलेत. माझ्याकडं पाठ. पेपर वाचतात. बाहेर एवढी ओसरी पडलीय, तिथं ऊन पण आहे, पण नाही. माझ्या ये-जा करायच्या वाटेत. आज विचारलं, काही हवंय का. नाही म्हणाले. मग कशाला बसलाय? उठून गेले.

घोडीला घास तरी आणून ठेवतात. इथं नुसती पाठ.

८ फेब्रुवारी

जे केलं ते केलं. जसं झालं तसं लिहिते.

आज रविवार, पण हंगाम आहे, हे कारखान्यावर. अकराच्या सुमाराला शिवराजभाऊजी गाडीवरून आले. त्यांच्या दोस्ताच्या भावाचं लग्न. परण्या निघायचा होता, म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो ना, तो. आणि भाड्याचं घोडं ऐनवेळी आलंच नाही. नवरदेव फेटा बांधून, हातात कट्यार आणि तिला लिंबू खोचून रस्त्यावर उभा. "वहिनी, दादाचा फोन लागंना. तासाभराचं काम हाय. नेऊ का?"

मला नाही म्हणता आलं असतं. मला माहीत होतं ती घोडी काय आहे. हलगी, ताशा, फटाके, सगळं माहीत होतं. पण सकाळीच ह्यांनी माझ्या धुतलेल्या चादरीनं तिची पाठ पुसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "न्या. नुसती बसून खातीय."

वरातीमागून घोडं म्हणतात. इथं घोड्यामागून वरात पळाली. पहिल्या थापेला तिनं कान मागं पाडले, फटाक्यांची माळ लागली तशी ती दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव पाटाच्या चिखलात. त्याला लागलं नाही, मुंडावळ्या तेवढ्या भिजल्या, आणि माणसं हसली. घोडी काटेरी तारेतून गेली. मी मशिनवर होते. टापांचा आवाज आला, आणि खिडकीत तिचं तोंड. दोन्ही गुडघे फाटलेले, तोंडाला फेस. वाडग्यात नाही गेली, गोठ्यात नाही गेली. माझ्या खिडकीला आली. मीच पाठवली होती तिला, आणि माझ्याकडंच आली.

मी मशिन थांबवलं नाही. कापड नव्हतं सुईखाली, तरी पाय मारत राहिले.

ह्यांच्या येण्याच्या आधी मी मांडणीवरच्या काचेच्या बरण्या खाली काढून ठेवल्या. आज छप्पर उडणार, ह्यात शंका नव्हती. हे आले, गुडघे पाहिले. विचारलं, कोण घेऊन गेलं. मी म्हटलं, "भाऊजी. पण मीच न्या म्हणाले."

ह्यांच्या गळ्याची शीर फुगली. तोंड उघडलं. मी भिंत धरली. तेवढ्यात घोडीनं मान वर केली आणि ह्यांच्याकडं बघितलं. हे तसेच उभे, तोंड उघडं. मग मिटलं. ओसरीच्या पायरीवर खाली बसले, दोन्ही हात डोक्याला लावून. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हळद आन. आन कोमट पाणी."

इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला तो आवाज मिळाला. आणि तोही घोडी जवळ उभी होती म्हणून.

ह्यांना तिनं हात लावू दिला नाही. हे पाऊलभर पुढं गेले की ती मागं. तीन महिन्यांची बसून बसून केलेली कमाई गेली. हळद मी लावली. मला लावू दिली. ह्यांनी ते लांबून पाहिलं. तेव्हा मला आतून काय वाटलं ते खरं सांगू? बरं वाटलं. मला तिचं दुखणं दिसत होतं, माझ्या हाताला तिचं रक्त होतं, आणि तरी बरं वाटलं, की आज हे बाहेर आणि मी आत.

९ फेब्रुवारी

पहाटे हळद बदलायला गेले. हे वाडग्याबाहेर, तारेला टेकून, पाठमोरे, कानटोपी घालून पुटपुटत होते. म्हटलं, घोडी जवळ येत नाही तरी बोलणं चालूच. मागून गेले. आणि कानटोपीतून संस्कृतीचा आवाज आला.

फोन कानटोपीत खोचलेला. संस्कृती विचारत होती, "बाबा, आज किती जवळ आली?"

म्हणजे इतके दिवस हे पहाटे बोलत होते ते घोडीशी नव्हे. किंवा दोघींशी. घोडी समोर, पोरगी कानात. मध्येच थांबायचे, मान हलवायचे, हसायचे, ते ह्यामुळे. मी खुळ्यासारखी मोरीतून बघत होते.

हे म्हणाले, आज लांब आहे, पायाला लागलंय तिच्या. ती म्हणाली, कसं काय? हे म्हणाले, "पाय घसरला."

माझं नाव घेतलं नाही. मी होते तिथूनच मागं फिरले, हळदीची वाटी हातात. बरं वाटायला पाहिजे होतं, की पाठीशी घातलं. पण मला एकच दिसत होतं. घोडीशी बोलतात. पोरीशी बोलतात, रोज, चोरून. आणि मी, जिनं तिला नऊ महिने पोटात वाढवलं, तिला फोनवर मिळतं ते "बघू आई". जिथं पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणतात ते माझ्यासाठीच.

१२ फेब्रुवारी

शिवराजभाऊजींच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी संस्कृतीला परण्याची सगळी कथा सांगितली, नवरदेव चिखलात पडला तो भाग दोनदा. तिचा मला फोन. मला वाटलं, आता पोरगी पण मला बोलणार. ती म्हणाली, "आई, तू घोडी दिलीस हे बाबांना कळल्यावर बाबा ओरडले?"

नाही, म्हटलं.

"खरं सांग."

खरंच नाही ओरडले, म्हटलं. हळद मागितली.

ती म्हणाली, "मग मी येते गं. मला न्यायला या."

मी रडले. ह्यांना सांगितलं तर हे गोठ्यात निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. माझ्या चुकीनं पोरगी आली, असंच म्हणायचं. पण ती माझ्यासाठी आली नाही, हेही खरं.

२२ फेब्रुवारी

संस्कृती आली. पायांना सूज आहे, पण चेहरा चांगला. मी मेथीचे लाडू पुढं केले, म्हणाली ठेव, आधी घोडी बघून येते.

ह्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलंय. पेपर, पेंढी, पाठ. आता दोन खुर्च्या असतात.

१६ मार्च

मुलगी झाली. अकलूजच्या दवाखान्यात, पहाटे. दोघी सुखरूप. सव्वा तीन किलो. ह्यांनी बाळ हातात घेतलं आणि इतक्या हळू काहीतरी बोलले की नर्सबाईला वाटलं आजोबांचा घसा बसलाय.

३० मार्च

बारसं उरकलं, पाहुणे गेले. दुपारी संस्कृती आणि बाळ झोपली होती. हे पाळण्याची दोरी धरून बसले होते आणि बाळाला घोडीच्या गोष्टी सांगत होते. कान असे करते, शेपूट असं करते, आता टॉवेल परत हुंगायला लागलीय. मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. ऐकता ऐकता माझ्या हातातलं दुपटं तसंच राहिलं आणि मी बोलले. आवाज चढवला नाही. बाळ झोपलं होतं.

"हा आवाज तुमच्याकडं होता, तर चोवीस वर्षं कुटं ठेवला होता?"

हे दोरी ओढायचे थांबले.

मी म्हटलं, घोडीला दिला, लेकीला दिला, आता नातीला. मी काय केलं होतं? मला का नाही? हे मी खरंच म्हणाले, तोंडावर. लाज वाटली नाही. ज्या घोडीवर मी जळले तिच्यावर जळून काही होणार नव्हतं, हे मला तेव्हाच समजलं.

मला वाटलं, नेहमीसारखे उठून जातील. मग म्हणाले, "घोडी पळून जाती. पोरगी येत न्हाय म्हणाली. तू कवा कुटं गेलीच न्हाईस की."

"म्हंजी जी जात न्हाय, तिनं ऐकून घ्यायचं."

"मला ते कळलंच न्हाय," म्हणाले.

खोटं बोलत नव्हते. तेच जास्त लागलं. घरातल्या खांबाला कुणी विचारत नाही, बरा आहेस का. तो हलला की मग सगळे वर बघतात.

ह्यांनी पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. मी ती घेतली नाही.

२३ एप्रिल

सव्वा महिना झाला. सोमेशराव न्यायला आले. संस्कृती म्हणाली, आई, तू चल चार दिवस, बाळाची सवय होईपर्यंत. अशा वेळी मी नेहमी म्हणते, अगं घर कोण बघणार, ह्यांचं जेवण, गिऱ्हाइकांचे ब्लाउज, लग्नसराई आहे. आज मी म्हटलं, येते.

हे दारात उभे होते. माझी पिशवी गाडीत ठेवली. एकदा काढून परत नीट ठेवली. "कवा येशील?" म्हणाले.

मी म्हटलं, "बघू."

गाडी वळल्यावर मी मागं बघितलं नाही. संस्कृतीनं बघितलं. आणि माझा हात धरला.

२७ एप्रिल, कुर्डुवाडी

इथं रेल्वेच्या चाळीत राहायचं म्हणजे दर थोड्या वेळानं खिडक्या हलतात. बाळ मात्र गाढ झोपतं. मला पहिल्या दिवशी झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी इतकी आली की उन्हं वर आली तेव्हा उठले. कुणी चहा मागितला नाही.

ह्यांचा फोन रोज येतो. संस्कृतीच्या फोनवर नाही, माझ्या. पहिल्या दिवशी विचारलं मीठ कुठं आहे. दुसऱ्या दिवशी डाळीला पाणी किती. काल काहीच नव्हतं विचारायला, तरी केला. दोघं गप्प बसलो आणि मग मी ठेवला.

३० एप्रिल, कुर्डुवाडी

आज सकाळी परत फोन. मी गॅलरीत घेतला. हे घोडीचं सांगायला लागले. खरारा केला, पाणी प्यायली, पाय आता पूर्ण बरे झाले. मी म्हटलं, "घोडीचं नका सांगू मला."

थांबले. मला कळत होतं की तोंड उघडून मिटतायत.

मग म्हणाले, "वैजयंता, घरी ये. मला करमत न्हाय."

माझं नाव. ते ह्यांच्या तोंडून मी लग्नात ऐकलं होतं, उखाण्यात, चार माणसांनी बळंच घ्यायला लावलं तेव्हा. आणि आज कुणी लावलं नव्हतं. आवाज असा की बाळ शेजारी असतं तरी जागं झालं नसतं. एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

समोरच्या रुळावर काहीच नव्हतं. मी म्हटलं, "गाडी चाललीय हो, ऐकू आलं न्हाय. परत सांगा."

ह्यांनी परत सांगितलं. आवाज तेवढाच.

"अजून चाललीय," मी म्हटलं.